हँडल उलटं फिरवा, राव!

माझ्या भाचीने गेल्या महिन्यात दोन कामं एका दमात उरकली. चाकणला नोकरी धरली, आणि पहिला पगार खात्यात पडायच्या आत सेकंडहँड पल्सर दारात आणून उभी केली. लगेच ताईचा मला फोन. 'अरे, कंपनीची एसी बस निगडीतून थेट गेटपर्यंत नेते. पण आमच्या कन्येला बाईकच हवी! लहानपणी टाकीवर बसवून तूच फिरवायचास ना तिला? आता तूच बघ.'

मी काय बघणार, कपाळ? भोसरी, मोशी, चिंबळी, कुरुळी, चाकण या रस्त्यावर मी वीसेक वर्षं टू-व्हीलरवरच ये-जा केलीय. 'बाईक नको' असं मी कुठल्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा रविवारी सकाळी साडेसहाला तिला प्राधिकरणातल्या एका रिकाम्या, सरळसोट रस्त्यावर बोलावलं. सोबत नेल्या चार पाण्याच्या बाटल्या आणि एक प्रश्न.

'पन्नासच्या स्पीडने चालली आहेस. डावीकडे वळायचंय. हँडल कुठे फिरवशील?'

'डावीकडे.'

'चूक. उजवीकडे.'

तिने हेल्मेटची काच वर केली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. 'मामा, बरं वाटतंय ना तुला?'

मंडळी, हसू नका. तुम्हीही तिच्यासारखंच उत्तर दिलं असतंत. आणि गंमत म्हणजे तुम्ही रोज ऑफिसला जाताना हँडल उलटंच फिरवता. ज्या दिवशी बाबांच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत पहिल्यांदा तोल सावरलात, त्या दिवशी ते तुमच्या हातांना कळलं. हातांनी ते डोक्याला सांगितलं नाही, इतकंच.

आमच्या बाई मेकॅनिकल इंजिनीअर. त्यामुळे असं काही ऐकून घेतील, हे शक्यच नव्हतं. तिने तिथेच बारावीची फिजिक्स काढली. वर्तुळाकार गती. टॅन थीटा बरोबर व्ही स्क्वेअर भागिले आर जी. म्हणजे वेगाचा वर्ग, भागिले वळणाची त्रिज्या गुणिले गुरुत्वाकर्षण. यातून बाईक किती झुकायला हवी, तो कोन मिळतो. पन्नास मीटर त्रिज्येचं वळण ताशी ६० ने घ्यायचं तर साधारण ३० अंश. तेच ४० ने घेतलं तर फक्त १४. वेग दीडपट केला की झुकणं दुपटीच्या वर जातं. आणि वजनाचा या हिशोबात पत्ताच नाही. मागे मैत्रीण बसलेली असो नाहीतर गॅस सिलिंडर, कोन जवळपास तोच.

'शाब्बास,' म्हटलं. 'किती झुकायचं ते सांगितलंस. आता झुकवायचं कसं ते सांग.'

इथे गाडी अडली. बारावीच्या धड्यातला सायकलस्वार आधीपासूनच झुकलेला असतो! चित्रात तो तिरका, बाजूला थीटा लिहिलेला. सरळ जाणारा माणूस तिरका झाला कसा, हे कुणी विचारत नाही आणि परीक्षेत येतही नाही.

'अंग टाकून,' ती म्हणाली. हे दुसरं लाडकं उत्तर. अमेरिकेत कीथ कोड नावाचे रायडिंग शिकवणारे एक मास्तर आहेत. 'अंग टाकून वळते' म्हणणाऱ्यांसाठी त्यांनी एक बाईक तयार केली. तिला नेहमीच्या हँडलखेरीज दुसरं एक हँडल फ्रेमलाच पक्कं जोडलेलं. म्हणजे हाताला धरायला आधार आहे, पण ते फिरत नाही. आता टाका अंग, किती टाकायचं ते. बाईक थोडी डगमगते, जराशी सरकते, पण वळावं तशी काही वळत नाही. दीडशे किलोची पल्सर आणि साठ किलोचे तुम्ही. कोण कुणाला हलवणार?

तर खरा प्रकार असा. डावीकडे जायचंय. तुम्ही डाव्या हाताने डावी मूठ किंचित पुढे ढकलता. त्याने पुढचं चाक जरासं उजवीकडे वळतं आणि टायर उजवीकडे सरकू लागतो. पण वरचा सगळा डोलारा, म्हणजे इंजिन, टाकी, तुम्ही आणि तुमची लॅपटॉपची बॅग, सरळच जाऊ बघतो. पाय एकीकडे, धड दुसरीकडे! साहजिकच बाईक डावीकडे कलते. कलली, की पुढचं चाक आपणहून डावीकडे वळतं आणि वळण सुरू होतं. हे सगळं अर्ध्या-एक सेकंदात, आणि चाक उलटं फिरतं ते जेमतेम अंश-दोन अंश. म्हणून दिसत नाही. यालाच काउंटरस्टिअरिंग म्हणतात.

चाक आपणहून कसं वळतं? बाईकचा पुढचा फोर्क तिरका असतो. त्याची रेघ खाली जमिनीपर्यंत ओढली, तर टायर जिथे टेकतो ती जागा त्या रेघेच्या थोडी मागे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात. ऑफिसातल्या खुर्चीची चाकं कशी, खुर्ची ढकलाल तिकडे तोंड फिरवून मागे मागे येतात, तसंच काहीसं. फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा परिणामही असतो, आणि चहाच्या टपरीवर सगळं श्रेय त्यालाच मिळतं. पण १९७० मध्ये डेव्हिड जोन्स नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने सायकलला उलटं फिरणारं जादा चाक लावून तो परिणाम जवळपास खोडून टाकला, आणि तरीही ती सायकल मजेत चालवली. तेव्हा भोवरा सध्या बाजूला ठेवू.

हातांना माहीत आणि डोक्याला पत्ता नाही, हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच एकाने पकडलं होतं. विल्बर राईट. हो, विमानवाला. विमानाआधी दोघा भावांचं डेटनमध्ये सायकलचं दुकान होतं. विल्बर सायकलवाल्यांना विचारायचा, डावीकडे कसे वळता? जवळजवळ सगळे म्हणायचे, हँडल डावीकडे फिरवतो. त्यांच्यापैकी एकालाही पहिल्या फटक्यात पूर्ण खरं उत्तर देता आलं नाही, असं त्याने सांगून ठेवलंय. म्हणजे आमच्या भाचीला बरीच मोठी सोबत आहे.

पुरावा हवा? डिव्हायडरला अगदी चिकटून चाललेल्या बाईकवाल्याला बघा. तो तिथून लवकर सुटूच शकत नाही. का? डिव्हायडर उजवीकडे आहे, त्याला डावीकडे निघायचंय. पण डावीकडे झुकायचं तर चाक आधी चार बोटं उजवीकडे जायला हवं, आणि तिथे तर सिमेंट! पावसाळ्यात डांबराची कड खचून साईडपट्टी वीतभर खाली गेलेली असते, तिथेही हाच खेळ. कडेला लागलेला माणूस आत येऊ बघतो आणि चाक आणखी बाहेर जातं. लोक म्हणतात, रस्त्याने ओढून घेतलं.

याउलट आपली रिक्षा. तिला तीन चाकं, ती झुकत नाही. हँडल डावीकडे तर रिक्षा डावीकडे, विषय संपला. म्हणून सराईत बाईकवाल्याला पहिल्यांदा रिक्षा चालवायला द्या, तो भलतीकडेच जातो. हात बिचारे सवयीप्रमाणे वळायच्या बाजूची मूठ पुढे ढकलतात. रिक्षा तुमच्या सवयी ऐकत नाही. (ती तशीही कुणाचं ऐकत नाही.)

भाची आता जरा गप्प झाली होती. मग तिने इंजिनीअरला शोभेल असा प्रश्न विचारला. 'मान्य. पण हातांना आपोआप येतंच ना? मग मला कशाला कळायला हवं?'

या प्रश्नासाठीच तिला बोलावलं होतं.

२००४ चा डिसेंबर. माझी पल्सर म्हणजे २००१ च्या नोव्हेंबरात आली ती गोल हेडलाईटवाली पहिली पिढी, चाकणच्या कारखान्यात जन्मलेली. सेकंड शिफ्ट संपवून रात्री साडेअकराला निघालो. कुरुळी मागे पडलं, चिंबळी फाटा यायचा होता. थंडी, रस्ता मोकळा, स्पीड साठच्या आसपास. आणि समोर डाव्या बाजूला, निम्मा साईडपट्टीवर नि निम्मा रस्त्यात, एक ट्रेलर उभा. मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, साधी झाडाची फांदीसुद्धा लावलेली नाही. उजवीकडे अख्खी लेन रिकामी होती. फक्त उजवीकडे व्हायचं होतं.

मी काय केलं असेल? जे तुम्ही कराल तेच. हँडल खसकन उजवीकडे फिरवलं.

वर सांगितलेलं गणित आता उलटं लावा. चाक उजवीकडे गेलं आणि बाईक डावीकडे कलली. म्हणजे ट्रेलरच्या अंगावर! टायर त्याच्या बाहेरून गेला, पण मी आणि डावी मूठ मात्र आत. आधी आरसा गेला, मग मनगट, मग सगळंच. हेल्मेट होतं म्हणून हा कॉलम आहे. डाव्या मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. सगळ्यांनी ट्रेलरवाल्याला शिव्या घातल्या आणि त्या त्याला लागू होत्याच. पण मला राहून राहून वाटायचं, च्यायला, मी तर उजवीकडे वळवलं होतं. बाईक डावीकडे गेली का?

त्याचं उत्तर आमच्या शेजारच्या काकांनी दिलं. एका टू-व्हीलर कारखान्यात टेस्ट रायडर होते, नुकतेच रिटायर झालेले. बघायला आले, चहा घेतला आणि कसं झालं, किती लागलं असलं काहीच न विचारता म्हणाले, 'हँडल कुठं वढलंस?'

'उजवीकडे.'

'म्हणून.'

मग त्यांनी कोपऱ्यातली मच्छरदाणीची काठी उचलली आणि तळहातावर उभी तोलली. 'आता ही घेऊन दाराकडं जायचंय. हात आदी कुठं न्यायचा? दाराकडं नेला तर काठी मागं पडंल. आदी हात दारापास्नं लांब न्यायचा. काठी दाराकडं कलली, की मग तिच्यामागं जायचं.' आणि ते खरंच काठी तोलत दारापर्यंत गेले. आई स्वयंपाकघरातून बघत होती. तिला वाटलं, डोक्याला मार मला लागलाय की काकांना?

रोजच्या वळणावर वेळ असतो, हात निवांत असतात, त्यांना जे येतं ते ते करतात. पण समोर अचानक काही आलं की डोकं मध्ये पडतं. डोक्याला तर पाठ आहे, उजवीकडे जायचं म्हणजे उजवीकडे फिरवायचं. ऐनवेळी बॉस येऊन की-बोर्ड हातात घेतो ना, तसं. ज्याला काम येत नाही तोच त्या क्षणी इनचार्ज.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातले मोटरसायकलचे सुमारे नऊशे अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. त्यात दिसलं, की धोका दिसल्यापासून काही करायला रायडरला साधारणपणे दोन सेकंदांपेक्षा कमी वेळ मिळतो. तेवढ्यात बहुतेक जण मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवतात, पुढचा ब्रेक पुरेसा वापरत नाहीत. आणि काउंटरस्टिअर करून बाजूला निसटण्याचं कौशल्य? ते जवळजवळ कुणाकडेच आढळलं नाही. ताशी ६० ने दोन सेकंदांत बाईक ३३ मीटर जाते. माझा ट्रेलर मला दिसला तेव्हा तेवढाही लांब नसेल.

आणि आपल्याकडे ही परीक्षा होते कुठे? लायसन्सला आठचा आकडा काढून दाखवायचा. पाय न टेकता. तो काढतो आपण चालण्याच्या वेगाने, आणि त्या वेगात हँडल वळवू तिकडेच बाईक जाते. उलटा प्रकार हाताला स्पष्ट जाणवतो तो वीस-पंचवीसच्या पुढे. म्हणजे परीक्षा एका वाहनाची आणि हायवेवर चालवायचं दुसरंच! २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त टू-व्हीलरवरची. त्या सगळ्यांना हँडल कळत नव्हतं असं मी मुळीच म्हणत नाही. खड्डे आहेत, दारू आहे, राँग साईड आहे, अंधारातले ट्रेलर आहेत. पण ज्या पट्ट्यात रोज हजारो बाईक तयार होतात, जिथून ड्यूक जगभर जातात, तिथल्या शिफ्टच्या बाहेर पडणाऱ्या पोरांना विचारा, डावीकडे कसे वळता म्हणून. हँडल बसवणाऱ्यालाही विचारा.

तर, बाटल्या.

पहिला धडा बाटल्यांशिवाय. पस्तीस-चाळीसचा वेग, सरळ रस्ता, मुठीवरची पकड सैल. 'डावा तळवा हलकेच पुढे दाब. पुढे, खाली नाही.' ती गेली, दाबलं, आणि बाईक डावीकडे अशी कलली की तिच्या तोंडून आलेला शब्द ताईने ऐकला असता तर मामाची धडगत नव्हती. परत आली तेव्हा डोळे मोठे झाले होते. 'मामा! हे खरंच होतं!' इतकी वर्षं रोज करत आलेली गोष्ट तिला पहिल्यांदा दिसली होती. मग उजवा तळवा. मग डावा-उजवा, डावा-उजवा, सापासारखी नागमोडी.

दुसरा धडा निसटण्याचा. रस्त्याच्या मधोमध बाटली. तिच्याकडे सरळ यायचं आणि दहा-बारा मीटरवर मी हात दाखवेन त्या बाजूला निसटायचं. एक ढकल निसटायला, लगेच उलटी ढकल बाईक सरळ करायला. पहिली बाटली तिने चेपली. दुसरीही. कारण ती बाटलीकडे बघत होती! जिकडे डोळे, तिकडे बाईक. बाटलीकडे बघू नकोस, बाटलीच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्याकडे बघ, हे सांगायला सोपं, करायला महाकठीण. ताम्हिणीत, लोणावळ्याच्या घाटात वीकेंडला जे वळण 'चुकतात' ना, त्यांच्यातल्या पुष्कळांचं हेच होतं. वळण अपेक्षेपेक्षा आवळतं, नजर कठड्यावर किंवा समोरून येणाऱ्या एसटीवर खिळते, हात लाकूड होतात. बाईकमध्ये अजून दहा अंश झुकायची ताकद शिल्लक असते. आतल्या बाजूची मूठ आणखी ढकलायचं मात्र सुचत नाही.

एक गोष्ट मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतली. ब्रेक आणि निसटणं एकाच वेळी नाही. टायरची पकड मोजकीच; ती ब्रेकमध्ये उधळली तर झुकायला काय उरणार? आधी सरळ रेषेत ब्रेक, मग सोडून निसट, किंवा आधी निसट, मग ब्रेक. तिने एबीएस काढलंच. आहे ना. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या बाइकना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचं आहे. पण तिच्या पल्सरला ते फक्त पुढच्या चाकाला, आणि तेसुद्धा चाक जाम होऊ देत नाही एवढंच. झुकलेल्या बाईकला ओल्या डांबरावर ते जास्तीची पकड कुठून आणून देणार? पावसात आणि शेजारून ऑइल सांडत टँकर गेला असेल तिथे ढकलही हळूच, लोणी लावल्यासारखी.

सहाव्या फेरीला बाटली उभी राहिली. सातव्यालाही. आठव्या फेरीला मी मुद्दाम हात उशिरा दाखवला. तिने मला मनसोक्त सुनावलं, पण बाटली उभीच होती. तेव्हा कुठे माझं डावं मनगट, जे थंडीत अजूनही ठणकतं, जरा शांत झालं.

निघताना ती म्हणाली, 'बाबांना सांगू का हे? ते तर चेतकपासून चालवतायत.'

'सांग. मानणार नाहीत.'

नाहीच मानले. रात्री मेहुण्यांचा फोन आला, की तीस वर्षं मी हँडल डावीकडे फिरवूनच डावीकडे वळतोय, पोरीच्या डोक्यात काय भरवतोस? मी म्हटलं, उद्या ऑफिसला जाताना एकदा डावी मूठ पुढे दाबून बघा. 'बघतो,' म्हणाले. अजून फोन आलेला नाही. म्हणजे बघितलं असावं.

भाचीचा मेसेज मात्र सोमवारी सकाळी नऊ दहाला आला. 'तळेगाव चौक. वीस मिनिटं झाली, स्पीड शून्य. मामा, उभ्या बाईकवर काउंटरस्टिअरिंग होतं का?'

मी लिहिलं, 'नाही. पाय टेक. आणि चालत्या रस्त्यावर मेसेज करू नकोस.'

'चालतोय कुठे?' तिचं उत्तर.